अर्ध्या आण्याचे निळे तिकीट

आमच्या धर्मग्रामात रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या फाटकाशी कोणी ना कोणी पावतीपुस्तक घेऊन उभे असते. कधी सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेची मंडळी, कधी युवक संघटना, तर कधी एखाद्या आजारी गृहस्थाच्या शस्त्रक्रियेसाठी धावपळ करणारे शेजारी. लोकही हात आखडता घेत नाहीत. परंतु टपाल तिकिटे जमविणाऱ्यांनी त्या फाटकाशी उभे राहावे, ही गोष्ट आमची आम्हांलाच पटत नव्हती. "तिकिटे तर तुम्ही फुकट जमविता, मग पैसे कशाला?" असे कोणी विचारले असते तर आम्ही काय उत्तर देणार होतो?

आमचे मंडळ अगदी लहान. सभासद एकोणीस. त्यांत सर्वांत धाकटा अकरा वर्षांचा आणि सर्वांत थोरले, रेल्वेतून निवृत्त झालेले काका, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मंडळ सुरू केले ते शाळेतील आमच्या गुरुजींनी. चर्चच्या सभागृहामागे एक जुनी खोली आहे. फादरांनी ती आम्हांला विनामूल्य वापरावयास दिली होती. दर रविवारी दोन तास तेथे बसायचे, एकमेकांच्या जादा प्रतींची अदलाबदल करायची, मुलांना चिमट्याने तिकीट कसे उचलावे हे शिकवायचे, आणि चहा पिऊन घरी जायचे. वर्गणी एवढी थोडी की चहाचा खर्च भागवून वर काही उरत नसे. उरावे असे कोणाला वाटलेही नव्हते.

मग २०१८ चा जुलै आला. त्या वर्षी वसईत पाणी कसे भरले होते ते वाचकांना सांगावयास नको. आमच्या खोलीत ते गुडघ्यापर्यंत चढले आणि दीड दिवस राहिले. वरच्या फळीवरचे अल्बम वाचले. खालच्या दोन फळ्यांवरचे, म्हणजे गुरुजींनी चाळीस वर्षे जमवून मंडळाला दिलेले, पाण्यात गेले. ज्यांना तिकिटांचा नाद नाही त्यांना यातले दुःख कळणे कठीण आहे. कोऱ्या तिकिटांच्या पाठीला डिंक असतो. पाणी लागले की तो सुटतो आणि पान पानाला, तिकीट तिकिटाला असे चिकटून बसते की साऱ्याची एक वीट होते. गुरुजी ती वीट हातात घेऊन ओट्यावर बसले होते. बोलले काहीच नाहीत. नंतर त्यांनी ती उन्हात ठेवली, जणू काही वाळल्यावर उघडणारच होती.

उरलेले वाचवायचे तर दोन लोखंडी कपाटे हवी होती, त्यांच्याखाली दीड हात उंचीचा चौथरा हवा होता आणि अल्बमची नवी पाने हवी होती. हिशेब केला तो बेचाळीस हजारांचा झाला. आमच्या पेटीत तेव्हा सातशे रुपये होते.

फादरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पुढच्या आळीत लोकांच्या गाद्या अजून वाळल्या नाहीत. मी वेदीवरून तिकिटांसाठी कसे मागू?" त्यांचे खरे होते. ज्यांच्या घरातले धान्य भिजले त्यांच्यापुढे आम्ही अल्बमसाठी हात पसरणे शोभले नसते. परंतु निघताना ते आणखी एक वाक्य बोलले. "मागू नका. तुमच्यापाशी जे आहे त्यातले काही द्या, आणि त्याचे पैसे घ्या."

त्यावर आमची चर्चा तीन रविवार चालली. हाऊजी ठेवावी, अशी एक सूचना आली. पण ती युवक संघटना दरवर्षी ठेवते, आणि तिच्याशी आमचा संबंध काय? खाद्यपदार्थांचा स्टॉल म्हणजे सगळे काम घरच्या बायकांवर. नाटकाचे नाव निघताच सगळे हसले. टपाल खाते संस्थांच्या विनंतीवरून विशेष आवरण आणि खास शिक्का काढते, ही सूचना खरोखर चांगली होती. परंतु तिला निमित्त लागते, परवानगी लागते आणि शुल्क आधी भरावे लागते. आमच्या चर्चची शताब्दी तर कधीच होऊन गेली होती. स्वतःचे छायाचित्र असलेली 'माय स्टँप' तिकिटे टपाल खाते २०११ पासून देते. बारा तिकिटांच्या पानाला तीनशे रुपये. साठ रुपयांची तिकिटे तीनशेला घेऊन आम्ही ती कितीला विकणार? तेही राहिले.

तेव्हा गुरुजींनी आम्हांला डेन्मार्कच्या एका टपाल कारकुनाची गोष्ट सांगितली. एनार होल्बोल हे त्याचे नाव. १९०३ च्या नाताळात पत्रांचे ढीग वर्गवार लावता लावता त्याच्या मनात आले की या प्रत्येक पाकिटावर टपाल तिकिटाबरोबर आणखी एक लहानसे, अगदी अल्प किमतीचे चित्र लोकांनी चिकटविले, तर त्या पैशांतून क्षयरोगी मुलांसाठी केवढे तरी काम होईल. राजाने संमती दिली. १९०४ च्या नाताळात राणी लुईझेचे चित्र असलेले पहिले नाताळ-चित्र विक्रीस आले आणि चाळीस लाखांहून अधिक खपले. त्या पैशांची भर पडत पडत कोल्डिंग येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. पुढे १९०७ मध्ये अमेरिकेत एमिली बिसेल या बाईंनी तेच केले. त्यांना एका छोट्या आरोग्यधामासाठी तीनशे डॉलर हवे होते. जमले तीन हजार. आपल्याकडेही शाळेत क्षयनिवारणाची ती चिमुकली चित्रे घेतल्याचे आमच्यातल्या वयस्कर मंडळींना आठवत होते.

"त्या चित्राला टपालात काडीचीही किंमत नव्हती," गुरुजी म्हणाले, "आणि हे घेणाऱ्याला ठाऊक होते. म्हणून ते चालले." त्यांनी आणखी एक उदाहरण दिले. न्यू साऊथ वेल्समध्ये १८९७ साली क्षयरोग्यांच्या आश्रमासाठी एक पेनीचे तिकीट एका शिलिंगला, म्हणजे बारापट दराने विकले. संग्राहकांनी त्यावर बराच आरडाओरडा केला. त्या दिवशी आम्हांला तो मुद्दा नीटसा कळला नाही.

ठरले ते असे: घराघरांतून जुनी पाकिटे मागवायची, तिकिटे सोडवून पंचवीस तिकिटांची पुडी करून मुलांना वीस रुपयांना द्यायची. सुट्या तिकिटांची रचना करून नाताळची शुभेच्छापत्रे बनवायची, किंमत पंधरा रुपये. २५ नोव्हेंबरला, ख्रिस्तराजाच्या सणाच्या रविवारी, सभागृहात प्रदर्शन मांडायचे. आणि सभासदांनी आपल्या संग्रहातली एकेक चीज देऊन तिचा लिलाव करायचा.

वापरलेली तिकिटे जमवून सत्कार्याला लावणे ही आपल्या समाजाला काही नवी गोष्ट नव्हे. युरोपातील मठांतून नि मिशनांतून अशी तिकिटे पोत्यांनी जमत आणि वजनावर विकली जात. न निवडलेल्या त्या मालाला संग्राहकांच्या बोलीत आजही 'मिशन मिक्श्चर' असेच म्हणतात. आमच्यातल्या काहींनी लहानपणी शाळेत सिस्टरांच्या डब्यात पाकिटाचा कोपरा कापून टाकलेला आहे.

पाकिटे मात्र एवढी येतील असे वाटले नव्हते. बिस्किटांचे डबे, साडीची खोकी, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. कुवेत, बहारीन, मस्कत, आणि कोणाच्या धर्मभगिनी झालेल्या आत्याकडून जर्मनीहून आलेली. आता पत्र कोण लिहितो? ही सारी वीस-तीस वर्षांपूर्वीची शिल्लक. खोलीत बादल्या मांडल्या. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून कापायचे, कोमट पाण्यात पालथे टाकायचे, आपोआप सुटले की चिमट्याने उचलून कोऱ्या कागदावर वाळवायचे, आणि मग जाड ग्रंथाखाली दाबून ठेवायचे. रंगीत पाकिटे वेगळी भिजवावी लागतात, नाहीतर लाल रंग साऱ्या बादलीभर पसरतो. हा धडा आम्ही दोनशे तिकिटे गुलाबी करून शिकलो. ज्या पाण्याने आमचे अल्बम नेले त्याच पाण्यात हात घालून आम्ही बसलो होतो, असे एका मुलीच्या तोंडून निघाले, आणि गुरुजी बऱ्याच दिवसांनी हसले.

एक आजी साठएक पाकिटे घेऊन आल्या. प्रत्येकात पत्र होते. "तिकिटं घ्या बाबांनो, पत्रं तेवढी परत द्या," एवढीच त्यांची अट. त्यांचे यजमान १९७१ च्या सुमारास कलकत्त्याला नोकरीस होते. एका पाकिटावर वीस पैशांच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट होते, कुटुंबनियोजनाचे, आणि त्यावर 'शरणार्थी सहायता' अशी अक्षरे छापलेली. आम्ही आजींना त्याची हकीकत सांगितली. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या देशात आले होते. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रांवर पाच पैसे अधिक लावावे लागत. नवे तिकीट छापून होईपर्यंत हाताशी असलेल्या तिकिटांवर नाशिकच्या मुद्रणालयात ती अक्षरे उमटवून काम भागविले. काही ठिकाणी तर रबरी शिक्केच मारले. डिसेंबरात निर्वासितांचे चित्र असलेले वेगळे तिकीट निघाले, आणि ही पाच पैशांची आकारणी मार्च १९७३ पर्यंत चालू राहिली. साऱ्या देशाने एकेक पत्र टाकताना केलेले ते दान होते. सक्तीचे असले तरी दानच.

आजी म्हणाल्या, "ह्या पत्रात त्यांनी लिहिलंय. स्टेशनावर पाय ठेवायला जागा नाही, बाया तिथेच फलाटावर रांधतात." पत्र त्यांना पाठ होते. आम्ही त्यांना सांगितले की हे तिकीट कापू नये. अख्ख्या पाकिटाला सुट्या तिकिटाहून अधिक मोल असते, आणि विकायचे तर त्याचे पैसे त्यांना मिळतील. त्या थोडा वेळ पाकीट न्याहाळत बसल्या. मग बाकीची एकोणसाठ आमच्यापुढे सरकवून ते एक पिशवीत घातले. प्रदर्शनाच्या दिवशी मात्र एका दिवसापुरते आणून दिले आणि दिवसभर त्या मेजाशेजारी खुर्ची टाकून बसल्या.

आता लिलावाविषयी. रेल्वेतल्या काकांनी दिलेली चीज ऐकून आमचे डोळे विस्फारले. सिंध डाक! १ जुलै १८५२ रोजी सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर, जे पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले, त्यांनी काढलेले अर्ध्या आण्याचे तिकीट. आशियातील पहिले चिकटवावयाचे टपाल तिकीट ते हेच. आधी लाखेसारखे तांबडे काढले, ते ठिसूळ असल्याने तुटू लागले. मग पांढरे, मग निळे. १८५४ मध्ये सर्व देशासाठी तिकिटे आली आणि ही बंद झाली. काकांचे होते ते निळे. त्यांचे वडील फाळणीपूर्वी कराचीला कारकून होते. तेथून त्यांनी ते आणले, आणि पन्नास वर्षे काकांच्या प्रार्थनापुस्तकात राहिले. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता आणि आपली कितीतरी माणसे कराचीत नोकरीला होती, त्यामुळे हकीकतीत अशक्य असे काहीच नव्हते.

गुरुजींनी भिंगाखाली धरून ते उलटसुलट पाहिले. "पाठ सपाट वाटते," एवढेच म्हणाले. चिटणीसपद आमच्याकडे होते. आम्ही म्हणालो, "वडिलांनी कराचीहून आणलेले आहे, सर." गुरुजी गप्प झाले. काका समोरच बसले होते. यादीत आम्ही लिहिले: 'सिंध डाक, निळे, १८५२.' पुढे प्रश्नचिन्ह घालावयास कितीशी शाई लागली असती?

प्रदर्शन छान झाले. चिल्लीपिल्ली पुड्यांवर तुटून पडली. लिलावात सुरुवातीला पंचाईत झाली, कारण वडीलधाऱ्याने बोली लावली की त्यावर कोणी वाढवीना. सणाला केळीच्या घडावर ईर्षेने बोलणारी हीच माणसे येथे लाजत होती. अखेर तरुणांनी धीर केला. निळ्या तिकिटावर बोली चढत चढत साडेचौदा हजारांवर गेली. ते घेतले आमच्याच मंडळात लहानाचा मोठा झालेल्या आणि आता मुंबईत नोकरी करणाऱ्या एका मुलाने. टाळ्या पडल्या. काकांनी रुमालाने चष्मा पुसला.

आगमनकाळाचे चारही रविवार शुभेच्छापत्रे विकली. नाताळानंतर हिशेब केला. ४१२ पुड्यांचे ८,२४० रुपये, ५३० शुभेच्छापत्रांचे ७,९५०, प्रदर्शनाच्या पेटीत १,९१५, लिलावातल्या इतर वस्तूंचे ६,३००, आणि निळ्या तिकिटाचे १४,५००. एकूण ३८,९०५. दोन्ही कपाटांची ऑर्डर देऊन टाकली.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तो मुलगा आला. त्याने फोर्टमधल्या दोन जाणकारांना तिकीट दाखविले होते. खऱ्या सिंध डाकेचा ठसा कागदातून उठून आलेला असतो, बोटाला लागतो. हे साधे छापलेले होते. नकली. या तिकिटाच्या नकला पूर्वीपासून पुष्कळ आहेत, आणि हे गुरुजींना ठाऊक होते, आम्हांलाही ऐकून माहीत होते. तो मुलगा भांडला नाही, हेच अधिक लागले. म्हणाला, "मंडळाने विकले म्हणून मी दुसरीकडे विचारलेच नाही." न्यू साऊथ वेल्सच्या संग्राहकांपेक्षाही आमच्याविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क त्याला अधिक होता. तेथे बारापट घेतले ते निदान सांगून घेतले होते.

पैसे परत करण्याविषयी वाद झाला नाही. त्याने पाच हजार मंडळाकडे राहू द्यावेत असा आग्रह धरला, तो आम्ही मानला नाही. एका कपाटाची ऑर्डर रद्द केली. दुकानदाराने आगाऊ रक्कम दुसऱ्या कपाटात वळती करून घेतली, हा त्याचा चांगुलपणा. वाद झाला तो काकांना सांगावे की नाही यावर. निम्मे म्हणाले, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या वडिलांची आठवण कशाला मोडता? दुसरा पक्ष म्हणत होता की ती नकली चीज परत आपल्या कपाटात लपवून ठेवायची का? आणि त्यांना ते उद्या फाटकाशी दुसऱ्या कोणाकडून कळले तर? आम्ही स्वतः आधी पहिल्या पक्षात होतो. मनातले खरे सांगायचे तर काकांची दया कमी होती आणि 'पाठ सपाट वाटते' हे शब्द ऐकूनही लिहिलेली ती यादी आठवत होती.

शेवटी गुरुजी आणि आम्ही गेलो. काकांनी ऐकले. तिकीट हातात घेतले, अंगठा त्यावरून फिरविला. "माझा बाप लबाड नव्हता," ते म्हणाले. आम्ही म्हणालो की त्यांनाही कोणी फसविले असेल. दोष आमचा, आम्ही तपासावयास हवे होते. ते उठून आत गेले. काकूंनी आम्हांला चहा दिला, पण काका बाहेर आले नाहीत.

त्यानंतर ते रविवारी येईनासे झाले. खिडकीपाशची त्यांची खुर्ची कोणी घेत नसे. फेब्रुवारीत कपाट आले, चौथरा झाला, उरलेल्या सहा हजारांत जमतील तेवढी पाने आणली. गुरुजींच्या वाचलेल्या अल्बमांतली दोन त्या पानांवर नव्याने लावून झाली. उपवासकाळ गेला. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या दुसऱ्या रविवारी काका आले, खुर्चीवर बसले आणि जवळच्या मुलाला म्हणाले, "चिमटा दे रे." कोणी काही बोलले नाही.

२०१९ च्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा प्रदर्शन भरविले. पुड्या होत्या, शुभेच्छापत्रे होती, लिलाव ठेवला नाही. आजींचे पाकीट त्याच मेजावर होते. त्याच्या बाजूला एक रिकामी चौकट होती. काकांनी खिशातून प्रार्थनापुस्तक काढले, निळे तिकीट त्या चौकटीत ठेवले आणि खाली आपल्या रेल्वेच्या वळणदार अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी लावली: 'सिंध डाक, बनावट. वडिलांनी कराचीहून आणलेले. विक्रीस नाही.'

दुसरे कपाट अजून घ्यावयाचे आहे.